ऐकलेलं वाक्य

सोमवार, ४

काय मंडळी, सगळे बरे आहात ना?

दैनंदिनीची सुरुवात अशी करतात की नाही, देव जाणे. मला आपली पत्रंच लिहिता येतात. अक्षरं मी उशिरा शिकलो, तीही कुणी न शिकवता, गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्या लावता लावता. तेव्हा पत्रात विचारतात तशी एकेकाची खुशाली विचारून घेतो.

आमची ही कशी आहे? तोंडानं ठणठणीत, कमरेनं कुरकुरीत. माझा गुडघा कसा आहे? मशीनचं पॅडल मारताना कटकट करतो, म्हणजे शाबूत आहे. वरच्या मजल्यावरचे मास्तर कसे आहेत? अंथरुणाला खिळलेत, पण काल दोन घास जास्त गेले. डॉक्टर जाताना जिन्यात उभे राहून उगाच तोंड पाडतात. मास्तरांची लेक, टकळी, कशी आहे? ती समुद्रापलीकडे. बापाच्या पत्राला तिकडून उत्तर येत नाही, फोन नाही. पण वाईट बातमी पायाला भिंगरी बांधून येते. ती आली नाही, म्हणजे पोरगी बरी असणार.

ही वही मास्तरांनी दिली. म्हणाले, "टेलर, रोज चार ओळी लिहीत जा. पुढे एकट्याला लिहावं लागेल, तेव्हा हात अडायला नको."

पुढे म्हणजे कधी, ते बोलले नाहीत. दमले होते.

बुधवार, ६

माझं शिवणकामाचं दुकान खाली, मास्तरांच्या दोन खोल्या वर. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी जन्मभर एकच काम केलं, शब्दकोश. शब्द, त्याचा अर्थ, आणि अर्थाखाली तो शब्द वापरलेलं एक वाक्य. त्या वाक्याचा त्यांचा नियम कडक आहे. वाक्य रचायचं नाही, ऐकायचं. खऱ्या माणसानं खऱ्या कारणानं, आपण होऊन बोललेलं हवं. कुणाच्या तोंडात शब्द कोंबायचा नाही. आम्ही दोघं कोशाच्या कामात जे बोलतो ते धरायचं नाही. आणि छापायच्या आधी, ज्याचं वाक्य त्याला ते परत वाचून दाखवायचं. तो "होय, माझंच" म्हणाला तरच छापायचं.

माप देताना माणसं फार बोलतात. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाला खोटं बोलायला सुचत नाही. त्यातलं चांगलं वाक्य मी खडूनं कापडाच्या चिंधीवर टिपायचो आणि संध्याकाळी वर न्यायचो. मास्तर मला कोशाचा कान म्हणतात. आमच्या हिचं म्हणणं, "कान आहेत, पण बायकोनं हाक मारली की बंद."

आज छापखानेवाला आला होता. सगळा कोश जुळवून तयार आहे, महिनाअखेरीला छपाई. फक्त ‘क’च्या एका पानावर एका वाक्याची जागा रिकामी आहे. "पान दात पडल्यासारखं दिसतंय," तो म्हणाला. "काही तरी भरा की!"

राहिलेला शब्द कुठला, तर ‘कोशकार’. स्वतःच्याच धंद्याचा! शिंप्याच्या अंगात फाटका सदरा म्हणतात, त्यातलीच गत. अर्थ लिहिलेला आहे: शब्द ऐकून, गोळा करून, त्यांचे अर्थ व उपयोग नोंदवून कोश तयार करणारा. वाक्य नाही. लोक त्यांना मास्तर म्हणतात, मग ‘कोशकार’ म्हणणार कोण?

मी विचारलं, "इतक्या वर्षांत हा एकच शब्द कुणाच्या तोंडून आला नाही?"

मास्तरांनी भिंतीकडे कूस वळवली. "आला असेल. मी ऐकला नसेल."

त्यांच्यासारख्या माणसाच्या कानातून शब्द सुटला, हे मला काही पटलं नाही. पण वाद घातला नाही. शब्द आणून देण्याची जबाबदारी आता माझी.

शुक्रवार, ८

कान टवकारून बसलोय. पोस्टमनला विचारलं, "वरचे मास्तर काय करतात हो?" म्हणाला, "झोपून असतात." दूधवाला म्हणाला, "कागदवाले आजोबा ना? बाटली आत घ्यायला विसरतात." नर्सबाईंना विचारलं, तर "पेशंट आहेत, आणि हट्टी आहेत." एक विद्वान गृहस्थ कोट घालून बघायला आले होते. त्यांना विचारलं, "जन्मभर शब्दकोश करत बसणाऱ्या माणसाला काय म्हणतात?" ते म्हणाले, "वेडा," आणि दुसरी बाही चढवली.

शेवटी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, "आमचे मास्तर म्हणजे मोठे को... को..."

"कोंबडा?"

"नाही हो."

"कोशकार म्हणायचंय का?"

मी गुडघा विसरून जिना चढलो. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आधी तू काय म्हणालास?"

"विशेष काही नाही. नुसतं ‘को’."

"कोंबलंस, लेका." आणि हसत सुटले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, नर्सबाई मला ओरडल्या. पण हसले ते हसलेच. माणूस सुधारतोय.

रविवार, १०

आज मास्तरांनी कोशाची जुळवलेली पानं वाचून दाखवायला लावली. सगळी नाही, फक्त ज्या वाक्यांखाली ‘ट.’ आहे ती. वाक्य कुणाचं ते कळावं म्हणून खाली अक्षर असतं. ट. म्हणजे टकळी. मुलगी बोलायला लागल्यापासून जी सुटली ती थांबेचना, म्हणून हे नाव. अर्धा कोश तिच्या बडबडीनं भरलाय. छपाईआधी थोडंच तपासून होणार असेल तर आधी तिचाच भाग तपासावा, हा मास्तरांचा हिशेब मला बरोबर वाटला.

‘ताटकळणे’पाशी आलो तेव्हा मला हसू आलं. पोर लहान होती. शाळा सुटली, सगळ्यांना न्यायला कुणी ना कुणी आलं, मास्तर मात्र कुठल्याशा शब्दाच्या मागे लागून विसरले. शेवटी मीच जाऊन तिला घेऊन आलो. घरात पाऊल टाकल्या टाकल्या ती भडकली: "मी दाराशी ताटकळले, सगळे गेले, तुम्ही आलाच नाहीत!" आणि मास्तर उठून उभे. "वा! ताटकळले! कुठे ऐकलास हा शब्द? परत म्हण बघू!" पोरीनं जे भोकाड पसरलं! मास्तरीणबाई तेव्हा होत्या. त्यांनी तिला आत नेलं. मास्तर मात्र किती तरी दिवस खुशीत होते.

मी ही आठवण काढली तर मास्तर हसले नाहीत. "पुढचं वाच," म्हणाले.

वाचताना एक लक्षात आलं. पोरगी मोठी होत गेली तशी तिची वाक्यं विरळ होत गेलीत. मास्तरीणबाई गेल्या त्या वेळचं एक आहे, मग एकही नाही. साहजिक आहे. मोठी माणसं कमी बोलतात.

जाताना त्यांनी त्यांचं भिंग माझ्या खिशात टाकलं. "राहू दे तुझ्याकडे." म्हटलं, "तुम्हाला लागेल की!" तर डोळे मिटून घेतले.

मंगळवार, १२

विशेष काही नाही. मास्तरांनी दूध परत पाठवलं. तोंडाला चव नसेल. हवा बदलली की माझंही तसं होतं.

गुरुवार, १४

मिळालं! वाक्य मिळालं!

आमची ही सकाळपासून मागे लागली होती, "टकळीला फोन करा. मास्तर तोंडानं बोलावणार नाहीत, पण तुम्ही तिचे काका आहात ना?" रक्ताचा नाही, पण तिचे सगळे फ्रॉक या हातांनी शिवलेत. हिला कधी काळी आलेल्या तिच्या एका जुन्या पत्राच्या पाठीवर नंबर होता. लावला.

"काका? तुम्ही? काकू बरी आहे ना?"

"काकू बरी आहे गं. बाबांना बरं नाही. एकदा येऊन जा."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं, एवढ्या लांबून आवाज यायला वेळ लागत असेल.

मग म्हणाली, "आई हॉस्पिटलमध्ये होती ना काका, तेव्हा हे तिच्या खाटेवर कागद पसरून बसायचे. आई काही बोलली की लिहून घ्यायचे. तिला पाणी हवंय हे मी सांगायचे. आमच्या घरात एक कोशकार होता, काका. बाप नव्हता. आता कुणाला भेटायला येऊ?"

कोशकार! कुणी विचारलं नाही, कुणी कोंबलं नाही, खऱ्या माणसानं खऱ्या कारणानं बोललेलं! खडू हातात होता, समोर कापलेलं अस्तर होतं. त्यावरच टिपायला लागलो. घाईत शेवट निसटेल असं वाटलं, म्हणून म्हणालो, "शाब्बास, पोरी! परत म्हण बघू एकदा."

लाईन कट झाली. लांबचे फोन असेच.

शुक्रवार, १५

सकाळी अस्तराचा तुकडा घेऊन वर गेलो.

"मास्तर, सापडलं!"

"कुणाचं?"

"टकळीचं."

ते कोपरावर उठायला बघत होते. नर्सबाईंनी उशी लावली. "टकळी बोलली? तुझ्याशी? कशी आहे?"

"ते विचारायचं राहिलं बघा. पण वाक्य ऐका." आणि वाचलं, ‘आमच्या घरात एक कोशकार होता.’

"एवढंच?"

"पुढे आणखी आहे. पण आपला शब्द यातच येतो."

"सगळं वाच. गाळू नकोस."

मी वाचलं. बाप नव्हता, इथपर्यंत. खाली रस्त्यावर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत होतं, ती लांब जाईपर्यंत मास्तर ऐकत राहिले.

"लिहून घे. दोन्ही."

"मास्तर, नियमानं एकच पुरे आहे..."

"पुरत नाही, टेलर. पहिल्यात नुसता शब्द आहे. अर्थ दुसऱ्यात आहे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आणि वरच्या अर्थातलं ते ‘ऐकून’ काढ."

"अहो, का? सगळा कोश आपण ऐकूनच तर केला!"

"काढ म्हणतो ना."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाचतो मी, पण सवयीनं तेही कागदाकडे बघत राहतात, ताण पडतो. मी म्हटलं, संध्याकाळी काढतो, आता निजा. खाली येताना जीव कसा हलका व्हायला हवा होता. कोश पुरा झाला. पण तसा तो झाला नाही. का, ते कळलं नाही.

शनिवार, १६

आमच्या हिला आज सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. ती हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली.

"अहो, त्या पोरीनं काळजाचा तुकडा काढून तुमच्या हातावर ठेवला, आणि तुम्ही त्याचं माप घेत बसलात?"

"तसं नाही गं, नियम..."

"आणि वर जाऊन त्या माणसाला वाचूनही दाखवलंत! मरणाच्या दारात टेकलेल्याला!"

"मरणाच्या दारात कुठे? परवा दोन घास..."

"दोन घास, दोन घास! सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तुम्ही तेवढे घास मोजत बसलाय. तुम्ही दोघं एका माळेचे मणी. ऐकायचं सगळं, आणि कळायचं काही नाही."

ती रागावली की मी गप्प बसतो, राग उतरतो. आज उतरला नाही, कारण तो राग नव्हताच. ती रडत होती.

मग तिनंच टकळीला फोन लावला. मला दुकानात जाऊन बसायला सांगितलं. पडद्याआडून हिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मी कान दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

नंतर म्हणाली, "निघते म्हणालीय. मिळेल त्या विमानानं."

मंगळवार, १९

मास्तर गेले.

सकाळी मी काठी टेकत जिना चढत होतो. आतून त्यांनी विचारलं, "कोण आलं?"

"मी आहे, मास्तर. टेलर."

"बरोबर दुसरं कोण आहे? दोघांची पावलं वाजतायत."

"काठी आहे, मास्तर. माझी काठी."

"असं होय," म्हणाले.

एवढंच. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. फोनवर कळल्यावर ती म्हणाली, आता येऊन काय करू. हिनं तिला "असं बोलू नये" म्हटलं नाही. मीही म्हटलं नसतं.

मंगळवार, २६

हात अडतोय. मास्तरांनी वही दिली ती याचसाठी, हे आता कळतंय. टकळीला पत्र लिहायचंय. पाठवायच्या आधी इथे लिहून बघतो. कापड कापायच्या आधी खडूनं आखून घेतात तसं.

‘चि. टकळी हिला काकाचे आशीर्वाद.

आधी माझं. त्या दिवशी मी तुला परत म्हणायला सांगितलं. काकूनं त्याबद्दल माझी जी खरडपट्टी काढायची ती काढली आहे. माप कधी घ्यायचं आणि माणूस कधी बघायचा, ते या वयात तरी शिंप्याला कळायला हवं होतं. पोरी, चुकलो.

आता कामाचं. कोश छापायला चाललाय. तुझ्या बाबांचा नियम तुला ठाऊक आहे, ज्याचं वाक्य त्याला परत वाचून दाखवायचं. कोशात तुझ्याइतकी वाक्यं दुसऱ्या कुणाचीच नाहीत. सगळी पानं वेगळी पाठवतोय. चार इथे लिहितो.

अजून: "अजून एक गोष्ट सांगा, मग खरंच झोपते."

चिमूटभर: "मी चिमूटभर रुसलेय, मूठभर नाही."

फुकट: "एवढी रडले ती फुकट गेली, कुणी बघितलंच नाही." (कुणीच नव्हतं तर हे ऐकलं कुणी, हे मला कोडं आहे. मी तर दुकानात होतो.)

ओझरता: "आईचा चेहरा ओझरता दिसला, मग त्यांनी दार लोटलं." हे हॉस्पिटलमधलं. खाली तुझं अक्षर आहे, पण तारीख घालताना बाबांचा हात हललाय. छापखानेवाल्याला ती लागली नाही, मला भिंगातून लागली.

‘ताटकळणे’ही आहे. ते मी लिहीत नाही, तुझ्या लक्षात असेल. त्या वाक्याची मी इतकी वर्षं गंमत म्हणून आठवण काढत होतो. आता काढणार नाही.

आणि शेवटचं, तू मला फोनवर बोललीस ते. ते बाबांनी स्वतः घालायला सांगितलं. मी एकच घ्यायला निघालो होतो, ते म्हणाले, दोन्ही घे. ते पुसायचा हक्क मला नाही, तुला आहे. तू नाही म्हणालीस तर पान दात पडल्यासारखंच छापू. छापखानेवाल्याची कटकट मी बघून घेईन.

आणखी एक. त्या शब्दाच्या अर्थात ‘शब्द ऐकून, गोळा करून’ असं आहे. बाबांनी त्यातलं ‘ऐकून’ काढायला सांगितलं. त्या संध्याकाळी मी पेन उचललं आणि ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचललं. जन्मभर कात्री चालवली गं, पण हा एवढासा शब्द कापवेना. राहू दिला तर त्यांचं शेवटचं सांगणं मोडतं. कापला तर ते खरं होईल का, ते मला सांगता येत नाही. मी दुकानात होतो, घरात नव्हतो. घरात तू होतीस. तेव्हा तूच सांग, ठेवू की कापू? का म्हणून विचारणार नाही.

काकूची कंबर तशीच. वरच्या खोल्यांची किल्ली तिच्यापाशी आहे. रोज दार उघडून हवा खेळू देते. मी जिना चढायचं सोडलेलं नाही. वर कुणी नाही हे ठाऊक असतं, तरी चढताना काठी जरा उचलून धरतो, वाजू देत नाही.

छापखानेवाल्याला थांब म्हटलंय. तो थांबेल, आम्हीही थांबू. पण आम्ही म्हातारी माणसं, पोरी. फार ताटकळत ठेवू नकोस. उत्तर लवकर लिही.’